टेबलावर राहिलेली पुस्तकं

४ जून

चि. ठकीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उन्हात पाय शेकत बसले होते. चष्मा आत राहिला होता, म्हणून आधी नुसतंच हातात धरून बसले. जाड पाकीट असलं की मला धडकीच भरते, पण वरच्या अक्षरातली घाई बघून वाटलं, बातमी बरी असणार. आणि खरंच, 'प्रभारी ग्रंथपाल'. परत परत वाचलं. मामाला दाखवलं तर तो म्हणतो, आई, प्रभारी म्हणजे तात्पुरती. म्हटलं, गप बस, तात्पुरते तर आपण सगळेच आहोत.

तू मला पत्रंच लिहीत जा हो. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते आणि मी भलत्यालाच हो म्हणते. मागे कुठल्याशा बँकेच्या मुलीला हो म्हटलं, ते मामा अजून निस्तरतोय.

तर मला कळलं ते असं. मोठ्या बाई रिटायर झाल्या, त्यांची खुर्ची तुला. वाचायची टेबलं आवरणाऱ्या त्या टेबलमावशी दोन वर्षांपूर्वीच घरी बसल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, म्हणजे त्यांचं कामही तुझंच. तो नोंदणीवाला दुसरीकडे गेला, त्याचंही टेबल तुझं. एवढ्या मोठ्या कॉलेजच्या लायब्ररीत आता सगळ्या खुर्च्या माझ्या ठकीच्या. एका स्टुलासाठी मामाशी मारामाऱ्या करायचीस, आठवतं का? समोरच्या शिंपीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पगारही सगळ्यांचा मिळून येणार का? मी म्हटलं, अहो, काही ठिकाणी मान असतो. जळते मेली.

आणि ते वाचून तर ऊर भरून आला, की संध्याकाळी निघताना टेबलांवरची सगळी पुस्तकं तू स्वतः उचलून जागच्या जागी लावतेस. ही माझी शिस्त. पाणी प्यालं की भांडं विसळून पालथं. तुझ्या आईला ती कधी लागली नाही, तुला लागली.

फक्त शेवटी तू लिहिलंयस, 'आजी, मला फार राग येतोय.' ते काही कळलं नाही. बढती मिळाल्यावर राग कसला गं?

गुडघा तसाच आहे. उत्तर मोठ्या अक्षरात लिही.

तुझी आजी

—

१९ जून

प्रिय आजी,

मोठ्या अक्षरात लिहितेय. ही बढती नाही. तिघांची कामं चौथीच्या अंगावर ढकलायची आणि वर तिला नवीन पाटी द्यायची, एवढंच झालंय. पगार तोच आहे. शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांग, त्या बरोबर बोलल्या.

राग कसला ते सांगते. आमच्याकडे नवे संचालक आलेत. आधी ते कुठल्या तरी कंपनीची गोदामं सांभाळायचे. पहिल्याच दिवशी रॅकांमधून हिंडले आणि म्हणाले, जो माल हलत नाही तो मेलेला माल. कॉलेजचे पैसे कमी झालेत हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्यांना वरची अभ्यासाची खोली रिकामी करून तिथे बैठकांचा हॉल करायचाय. त्यासाठी कॉम्प्युटरमधून एक यादी काढली: दोन वर्षांत ज्यांना कुणी हातही लावला नाही, अशी पुस्तकं. ती रद्दीत जाणार. आणि रद्द करायच्या कागदावर सही ग्रंथपालाची लागते. मोठ्या बाईंनी ती मेल्या तरी केली नसती, म्हणून त्या जाईपर्यंत सगळे थांबले. आता सही माझी हवी आहे. सप्टेंबरअखेर मला कायम करायचं की नाही, हेही तेच साहेब ठरवणार आहेत. दोन्ही गोष्टी त्यांनी एका वाक्यात सांगितल्या, चहा ढवळत.

त्या यादीत सगळ्यात वर काय आहे माहितीय? शरीराच्या चित्रांचं मोठं पुस्तक. उशीएवढं जाड, एका पानावर नुसते स्नायू, दुसऱ्यावर नुसत्या शिरा. महाग आहे म्हणून घरी देत नाही, तिथेच बसून वाचायचं. नर्सिंगच्या मुली ड्युटी संपली की तशाच पांढऱ्या कपड्यांत येतात आणि त्याच्याभोवती डोकी जोडून बसतात. त्याची बांधणी उसवली म्हणून पुन्हा पुन्हा शिवून घेतली. आणि कॉम्प्युटर म्हणतो, वापर शून्य. मी साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, हे सगळं स्क्रीनवर आहे. स्क्रीनची वर्गणीही त्यांनीच कमी केली. एका वेळी तिघींनाच उघडतं. चौथीला सांगतं, नंतर प्रयत्न करा.

मी सही केलेली नाही. अजून.

ठकी

—

२७ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर छान मोठं होतं, मामाची मदत लागली नाही, आणि म्हणून मी दुप्पट खूश. दातांचा नवा सेटही बसला. शिंपीणबाई म्हणाल्या, तुम्ही हसलात की आता भीती वाटते.

आता माझं ऐक. सही म्हणजे काय गं, एक रेघ. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तुझे आजोबा जन्मभर नको त्या कागदांवर सह्या करत आले, म्हणून तुझी आई शिकली आणि म्हणून तू शिकलीस. साहेब येतात आणि जातात. तू कायम हो, मग हवी ती पुस्तकं पुन्हा घे. एवढं काय त्यात? मुली काय, कुठे ना कुठे वाचतील. आमच्या वेळी तर शरीरात काय आहे हे कुणी दाखवतच नव्हतं, तरी आम्ही जगलोच की.

आणि हो, नाही तरी ती रद्दीतच जाणार असतील तर मामाला पाठवते. एक पोतं भरून ठेव. मोठी, गुळगुळीत पानं कपाटात अंथरायला फार चांगली. चित्रांची मात्र नकोत. उघड्या माणसावर धुतलेल्या चादरी ठेवायला मला लाज वाटेल.

रागावू नकोस. राग आला की थंड पाण्याने तोंड धुवावं.

तुझी आजी

—

२ ऑगस्ट

आजी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण तुझं पत्र वाचून मी तोंड धुतलं आणि तरी राग गेला नाही. कपाटात अंथरायला. तू ते पत्र पाठवलंस त्याच दिवशी मी त्या खोलीत बसून एका मुलीला फाटलेलं पान चिकटवून देत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परीक्षा होती. तुझ्या चादरी माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

पण आता जे लिहिणार आहे ते त्याहून वाईट आहे.

मला त्या शून्याने झोप येईना. जे पुस्तक रोज उघडतं त्याचा वापर शून्य कसा? मी कॉम्प्युटरमधली जुनी पानं उघडली. घरी नेलेल्या पुस्तकांचा एक रकाना असतो आणि टेबलावर वाचलेल्यांचा दुसरा. त्या दुसऱ्या रकान्यात टेबलमावशी होत्या तोवर आकडे भरभरून आहेत. त्या गेल्या, आणि त्या महिन्यापासून खाली शून्य, शून्य, शून्य.

मावशींची एक पद्धत होती. टेबलावर राहिलेलं प्रत्येक पुस्तक त्या आधी यंत्राखाली धरायच्या, टुक असा आवाज यायचा, आणि मगच रॅकवर. मला तो त्यांचा चाळा वाटायचा. ते टुक म्हणजेच मोजणी होती. म्हणूनच खोलीत पाटी असायची, वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवा. नव्या साहेबांना टेबलावर पसारा बघवेना, त्यांनी ती पाटी काढून 'टेबल स्वच्छ ठेवा' अशी लावली. त्यामुळे अर्धी पुस्तकं मुलीच परत लावतात, उरलेली अर्धी मी. रोज संध्याकाळी, तुझी लाडकी शिस्त पाळून, टुक न करता, जागच्या जागी. दोन वर्षं मी स्वतःच्या हातांनी पुरावा पुसत होते, आणि तू लिहितेस, ऊर भरून आला.

मोजायला माणूस होतं, ते काढलं. मोजणी थांबली. मग म्हणायचं, बघा, कोणी वाचतच नाही, पुस्तकं काढा. उद्या म्हणतील, पुस्तकं नाहीत, खोली काढा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि यात आंधळी मी.

मी धावत साहेबांकडे गेले. सगळं समजावलं, रकाने दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही ते नोंदवलं नाही, म्हणजे ते घडलं नाही." मला त्यांच्या टेबलावरचं सगळं खाली लोटून द्यावंसं वाटलं. दिलं नाही. फक्त सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत मुदत मागितली. ते म्हणाले, घ्या, पण जादा माणूस मिळणार नाही.

पोतं भरलेलं नाही. मामाला पाठवू नकोस.

ठकी

—

१० ऑगस्ट

ठके,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तर मी फाडायलाच निघाले होते. माझ्या शिस्तीला बोललीस. जिच्या हातून भांडी घासायला शिकलीस तिलाच बोललीस. शिंपीणबाई समोर होत्या म्हणून गिळलं. मग चहा ठेवला, तो उतू गेला, आणि गॅस पुसता पुसता मला माझ्या सासूबाई आठवल्या.

मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा सगळे उठायच्या आत माझं सगळं झालेलं असायचं. पाणी भरलेलं, लादी पुसलेली, चूल लखलखीत. सासूबाई डोळे चोळत यायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, या घरात कामच काय असतं, सून दिवसभर बसूनच असते. मी धुसफुसायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठायची. अशी मी शहाणी. एके दिवशी ताप आला आणि पडून राहिले. दुपारपर्यंत घराचा उकिरडा झाला. तेव्हा कुठे त्यांना दिसलं, या घरात रोज काय काय होतं ते. ताप उतरल्यावरही मी दोन दिवस मुद्दाम पडून राहिले. आयुष्यातली सगळ्यात गोड झोप ती.

म्हणून सांगते, आवरू नकोस. पसरू दे. टेबलं भरू देत, खुर्च्यांवर येऊ देत. त्या माणसाला जरा बघू दे. नोंदवलं नाही म्हणजे घडलं नाही म्हणतो? मी तुझ्या आईला जन्म दिला त्याची नोंद तर आजोबांनी वर्षभराने केली. मग वर्षभर माझ्या मांडीवर कोण रडत होतं?

सही करू नकोस. मागच्या पत्रात एक रेघ म्हटलं होतं ते मी परत घेते. कपाटात वर्तमानपत्र अंथरलंय.

आजी

—

२५ सप्टेंबर

प्रिय आजी,

तुझं ऐकलं. पाटी उतरवली आणि मुलींना सगळं सांगितलं. त्या इतक्या चिडल्या की माझाच राग थंड वाटला. त्यांनी ठरवलं, जी जे वाचेल ते तिने यंत्राखाली धरायचं आणि टेबलावरच ठेवायचं. दिवसभर टुक टुक चालू. टेबलं इतकी भरायची की एकटीने लावणं शक्यच नव्हतं, तर मुलींनी पाळ्या लावल्या. ड्युटीवर जायच्या आधी एक गट, आल्यावर दुसरा. साहेब रोज दारातून डोकावून जायचे.

परवा बैठक झाली. मी आकडे ठेवले. चित्रांचं ते मोठं पुस्तक सबंध लायब्ररीत पहिलं. एक प्राध्यापक म्हणाले, ही खोली तर सगळ्यात जिवंत आहे, हिला हात लावायचा प्रश्नच नाही. यादी रद्द झाली. सगळी पुस्तकं राहिली. मला वाटलं, तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडावं.

आणि तेव्हा साहेब म्हणाले, "वाचक नोंदही करतात, पुस्तकंही लावतात. मग इथे माणूस कशाला हवं?"

आजी, ज्या प्राध्यापकांनी खोली जिवंत म्हटली तेही बाकीच्यांसारखे पुढ्यातला कागद वाचायला लागले, जणू काही त्यात त्यांचं भविष्य लिहिलंय. सात मिनिटांपूर्वी माझी पाठ थोपटणारे हे लोक. माझी जागाच रद्द झाली. मुलींच्या कष्टांनी पुस्तकं वाचली आणि त्याच कष्टांनी मला बाहेर काढलं. मी कुणावर चिडू? मुलींवर चिडता येत नाही. तुझ्यावर चिडून बघितलं, जमलं नाही. बाकीच्यांवर मात्र चिडलेय, आणि तोंड धुणार नाहीये.

एक बरं आहे. लांबच्या एका गावात शाळेच्या लायब्ररीत बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईंची जागा मिळाली. सोमवारीच हजर व्हायचंय, मी उद्या निघते. माझ्या राहत्या खोलीतलं सामान तसंच आहे. मामाला टेम्पो घेऊन पाठवशील का? घाईत लायब्ररीची किल्लीही माझ्याकडेच राहिली, ती सामानातच ठेवून जातेय, कुणाच्या तरी हाती परत करा. मी त्या जिन्यावर पाऊल टाकणार नाही. साहेबांचा काल फोन आला होता, दोन तास येऊन मुलींना पुस्तकं लावायची पद्धत शिकवून जाल का म्हणून. मी फोन ठेवला.

नवा पत्ता मागे लिहिलाय.

ठकी

—

१४ ऑक्टोबर

चि. ठकीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मामाला एकट्याला कशी पाठवीन? तो तुझ्या बशा फोडून आणेल. मीही टेम्पोत पुढे बसून आले. खिडकीतून वारा काय सुंदर लागतो गं, मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा लांबच्या रस्त्याने घे. हे पत्र तुझ्या खोलीतूनच लिहितेय, खोक्यावर बसून. खोली लखलखीत ठेवली होतीस. फक्त खिडकीत एक कप तसाच, न धुतलेला. तो बघून मला रडूही आलं आणि बरंही वाटलं. धुतलाय मी.

तर किल्ली. मामा म्हणाला, मी खाली पहारेकऱ्याकडे देऊन येतो. मी म्हटलं, मला बघायचीय ती जागा. जिना चढताना गुडघ्याने जीव घेतला. वर गेले तर काय सांगू, टेबलांवर पुस्तकांचे नुसते डोंगर. खुर्च्यांवर, खिडकीत, यंत्रापाशी जमिनीवरसुद्धा. मी एका पांढऱ्या कपड्यातल्या मुलीला विचारलं, अगं, पाळ्या लावल्या होत्या ना तुम्ही? ती म्हणाली, ताईंना काढल्यावर आम्ही पाळ्या बंद केल्या. वाचतो, टुक करतो, ठेवतो. लावत नाही. मी सांगितलं, मी ताईंची आजी. मग काय विचारतेस, जणू काही मीच ग्रंथपाल. एकीने खुर्ची ओढली, एकीने पाणी आणलं.

आणि त्यांनी मला ते उशीएवढं पुस्तक दाखवलं. मी चादरीखाली घालणार नव्हते तेच. एक मुलगी म्हणाली, आजी, हा बघा तुमचा गुडघा. आत वाटीसारखं हाड असतं, बाजूला दोऱ्या असतात, मध्ये गादी असते, आणि ती झिजली की असं दुखतं. इतकी वर्षं सगळे मला वय झालं, वय झालं एवढंच सांगत होते. त्या पोरीने बोट ठेवून दाखवलं, इथे. मी तासभर त्या पानावर होते. खालची अक्षरं बारीक, पण मी एकेक लावत वाचली. एवढं सुख मला कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. आणि तेवढाच संतापही आला, की हे रद्दीत घालणार होते, आणि मीही त्यात एक पोतं मागितलं होतं.

निघताना मुलींनी मला यंत्राखाली पुस्तक धरू दिलं. माझ्या हातून टुक झालं. मी ते परत टेबलावर ठेवलं, गुडघ्याचं पान उघडं ठेवून.

तेवढ्यात तुझे साहेब आले. मी त्यांना राक्षस समजत होते, पण साधा माणूस आहे, कपड्यांना नीट इस्त्री, डोळ्यांखाली काळं. बाह्या वर करून स्वतःच पुस्तकं उचलत होते आणि कुठली कुठे लावत होते देव जाणे, मुली मागे तोंडावर हात धरून हसत होत्या. मला म्हणाले, आजीबाई, वाचून झालं की पुस्तक जागेवर ठेवायचं असतं. अगदी मऊ आवाजात, घरच्या म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. त्या मऊपणाने माझं डोकं जास्तच फिरलं.

मी म्हटलं, "राहू दे. मोजलंय मी ते."

ते म्हणाले, मोजलंत ते ठीक, पण मग हे उचलणार कोण?

मी पिशवीतून तुझी किल्ली काढली, त्यांचा हात धरला, आणि तळहातावर ठेवून बोटं मिटवली, लहान पोराच्या हातात पैसा देतात तशी. म्हटलं, "ज्याच्याकडे किल्ली, त्याने."

मग सावकाश जिना उतरले, वाटीला आणि दोऱ्यांना सांभाळत. खाली मामा उशीर झाला म्हणून टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. पहारेकरी त्याच्या अंगावर ओरडत होता, इथे शांतता ठेवायची असते म्हणून. मी वर चढून बसले, दार ओढून घेतलं, आणि मामाला म्हटलं, वाजव रे. अजून जोरात वाजव.

तुझी आजी